लागर बिअरची प्रतिष्ठा आणि अभिरुचीची उतरंड : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिकात बिअरसारख्या विषयावर लिहिताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. मराठी साहित्यात आणि सामाजिक विचारात मद्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने नीती आणि व्यसन या दोन अंगांनी. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकाने या चर्चेची जी चौकट घालून दिली, ती आजही बऱ्याच अंशी कायम आहे. ही चौकट चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मात्र मद्य हा अभिरुचीचाही विषय आहे, आणि अभिरुचीच्या क्षेत्रात श्रेष्ठ-कनिष्ठतेचे निर्णय कसे घडतात हे तपासण्यासाठी बिअरचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

जगात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश बिअर 'लागर' या प्रकारात मोडते. असे असूनही क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे लहान प्रमाणावर स्वतंत्रपणे गाळल्या जाणाऱ्या बिअरच्या, रसिकवर्गात लागरला दीर्घकाळ कनिष्ठ स्थान होते. 'लागर पिणारा' म्हणजे चव न कळणारा, असा त्या वर्गाचा समज होता. गेल्या सुमारे दीड दशकात मात्र याच वर्गातील अनेक जाणकार लागरकडे परतले असून तिला कसोटीचा प्रकार मानू लागले आहेत. पेय तेच राहिले आणि निर्णय उलटला. हे कसे घडले, आणि परमिट रूममध्ये बसून लागरच पिणाऱ्या आपल्याकडील सामान्य ग्राहकाला या निर्णयांशी काय कर्तव्य आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञा आणि प्रक्रिया

'लागर' हा शब्द साठवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. बिअरचे एल आणि लागर असे जे दोन ढोबळ वर्ग पडतात, ते रंगावरून किंवा मद्यार्कावरून पडत नाहीत. ते यीस्ट आणि तापमान यांवरून पडतात. एलचे यीस्ट साधारणतः १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात काही दिवसांतच काम उरकते आणि त्या ओघात फळांच्या वा मसाल्यांच्या गंधाची आठवण देणारी द्रव्ये तयार करते. लागरचे यीस्ट ८ ते १३ अंशांच्या आसपास संथपणे आंबवते. त्यानंतर बिअर शून्य अंशाच्या जवळपास काही आठवडे मुरत ठेवली जाते. या मुरण्यात आंबवण्याच्या वेळी निर्माण झालेले उग्र अंश निवळतात आणि माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले सातू, हॉप्स आणि पाणी यांची मूळ चव पुढे येते.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये लागर यीस्टचे शुद्ध संवर्धन वेगळे केले. हे यीस्ट एलच्या यीस्टचा आणि थंडीत तग धरणाऱ्या दुसऱ्या एका जातीचा संकर आहे. ही दुसरी जात दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. थोडक्यात, ज्या पेयाला 'साधे' म्हणून हिणवले गेले त्याची जैविक आणि तांत्रिक घडण बरीच गुंतागुंतीची आहे.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. लागर म्हणजे फिकट पिवळी, पातळ आणि सौम्य बिअर, हे समीकरण चूक आहे. म्युनिकची तपकिरी डंकेल, काळी श्वार्त्सबिअर, मद्यार्काने भारदस्त असलेली डॉपलबॉक आणि बांबर्ग शहरातील धुराच्या वासाची राउखबिअर या सर्व लागरच होत. रसिकांनी नाकारला तो या विस्तृत कुळातील एकच, कारखान्यात घडलेला वंशज.

२. प्रतिष्ठेचा चढउतार

ज्या पिल्सनरचे अनुकरण पुढे जगभर झाले, तिचा जन्मच वाईट बिअरविरुद्धच्या नागरिकांच्या असंतोषातून झाला. बोहेमियातील पिल्सेन शहरात १८३८ मध्ये बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर बिअर गाळण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवी भट्टी उभारली आणि बव्हेरियाच्या योझेफ ग्रोल या कारागिरास पाचारण केले. ग्रोल यांनी ५ ऑक्टोबर १८४२ रोजी स्थानिक मऊ पाणी, फिकट भाजलेले माल्ट आणि त्याच प्रदेशातील झाट्स हॉप्स यांपासून सोनेरी लागरचा पहिला घाणा काढला. स्थानिक कच्चा माल, नागरिकांची मालकी आणि दर्जाचा आग्रह ही आजच्या क्राफ्ट चळवळीची तिन्ही लक्षणे येथे आढळतात.

पुढील अर्धशतकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतकरण यंत्र, पाश्चर यांचे बिअरविषयक संशोधन (१८७६) आणि रेल्वे यांमुळे लागर कोठेही आणि वर्षभर तयार करणे शक्य झाले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन उत्पादकांनी तेथील सातूत प्रथिनांचे प्रमाण अधिक असल्यामुळे मका आणि तांदूळ मिसळण्यास प्रारंभ केला. मुळात ही बिअर नितळ ठेवण्याची युक्ती होती. १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीनंतर आणि कंपन्यांच्या एकत्रीकरणानंतर मात्र तीच युक्ती खर्च वाचवण्याचे व चव सपाट करण्याचे साधन बनली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बिअर कंपन्यांची संख्या शंभराच्याही खाली आली होती आणि बाजारात जवळजवळ एकाच चवीची लागर उरली होती.

या एकसुरीपणाविरुद्ध जी प्रतिक्रिया उमटली ती समजून घेण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये पारंपरिक एलच्या रक्षणासाठी ग्राहकांची संघटना स्थापन झाली. मायकेल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने १९७७ मध्ये जगातील बिअरच्या शैलींचे वर्गीकरण करणारा ग्रंथ सिद्ध केला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर गाळण्यास मुभा मिळाली आणि १९८० च्या सुमारास नव्या लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांनी आपली ओळख लागरच्या विरोधात घडवली. पुढे हॉप्सचा कडूपणा, मद्यार्काचे प्रमाण, लाकडी पिंपातील मुरवण, फळे आणि कॉफी यांची जणू चढाओढ लागली आणि 'अधिक' हेच श्रेष्ठतेचे परिमाण झाले.

३. आक्षेपांची चिकित्सा

क्राफ्ट बिअरच्या रसिकांनी लागरवर घेतलेले आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला आक्षेप बेचवपणाचा. कारखानी लागरबाबत तो बराच खरा आहे. अ‍ॅलिसन आणि उल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लेबल काढलेल्या बाटल्यांतील बिअर पिताना ग्राहकांना आपला आवडता ब्रँड ओळखता आला नाही आणि लेबल दिसताच त्यांची पसंती स्पष्ट झाली. मात्र हा निष्कर्ष दुधारी आहे. ग्राहक लेबल पितो हे खरे असेल, तर दुर्मीळ आणि महाग बाटलीचे लेबल पाहून वाखाणणारा रसिक त्याला अपवाद कसा ठरेल, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप भांडवलाचा. लागर म्हणजे मोठ्या कंपन्यांचे उत्पादन, म्हणून ती नाकारणे ही एक नैतिक भूमिका आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप उत्पादनसंबंधांवरचा आहे, पेयावरचा नव्हे. अमेरिकेतील लहान उत्पादकांच्या संघटनेने आपल्या व्याख्येतून मका-तांदूळ वापरणाऱ्या जुन्या कंपन्यांना प्रथम वगळले होते, परंतु २०१४ मध्ये व्याख्या बदलून त्यांना सामावून घेतले. एका दुरुस्तीने जी बिअर 'क्राफ्ट' होऊ शकते, तिचा दर्जा तिच्या चवीत होता की व्याख्येत, असे विचारणे भाग आहे.

तिसरा आक्षेप असा की लागरमध्ये कारागिराच्या प्रतिभेला वाव नाही. प्रत्यक्ष बिअर गाळणाऱ्यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गडद, कडू वा मसालेदार बिअरमध्ये एखादा दोष झाकला जातो. सौम्य पिल्सनरमध्ये लोण्याचा, उकडलेल्या मक्याचा किंवा कच्च्या सफरचंदाचा पुसटसा वासही लपत नाही. म्हणूनच दिवसभर तीव्र चवींची बिअर तयार करणारे अनेक कारागीर काम संपल्यावर स्वतःसाठी लागर ओतून घेतात, असे या व्यवसायात म्हटले जाते.

येथे चर्चेत सहसा न येणारी एक भौतिक बाब नमूद केली पाहिजे. एल साधारणतः दोन आठवड्यांत विक्रीस सिद्ध होते, तर चांगल्या लागरला सहा ते आठ आठवडे टाकी अडवून ठेवावी लागते. शिवाय शीतकरणाचा खर्च वेगळा. मोजक्या टाक्या असलेल्या नवोदित उत्पादकाला हा हिशोब परवडत नाही. म्हणजेच क्राफ्ट भट्ट्यांनी एल स्वीकारली ती काही अंशी आर्थिक अपरिहार्यतेतून, आणि कालांतराने या अपरिहार्यतेलाच अभिरुचीचे तत्त्व म्हणून मांडले गेले. पुढे जेव्हा काही भट्ट्यांकडे भांडवल व टाक्या आल्या, तेव्हा त्याच वर्गाला लागरचे गुण दिसू लागले. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ मध्ये केवळ लागर गाळणारी क्राफ्ट भट्टी सुरू झाली, तसेच डेन्व्हरमध्ये २०१६ मध्ये पिल्सनर सावकाश, अनेक टप्प्यांत ओतून देणारी भट्टी नावारूपास आली, ती या बदलाची चिन्हे होत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुचीचा संबंध सामाजिक स्थानाशी जोडला होता. लागरच्या प्रकरणात त्याला उत्पादनाच्या सोयीचीही जोड द्यावी लागते.

४. महाराष्ट्रातील चित्र

भारताच्या संदर्भात हा विषय आणखी एका विसंगतीमुळे लक्षणीय ठरतो. क्राफ्ट चळवळीची पताका ठरलेल्या इंडिया पेल एलच्या नावात भारत आहे, कारण ती हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांसाठी लंडन आणि बर्टन येथून जहाजाने येत असे. प्रत्यक्षात भारतीयांनी स्वीकारली ती लागर. आपल्या नावाची बिअर आपल्याकडे परत आली ती अमेरिकेतून, उच्चभ्रू अभिरुचीचे लक्षण होऊन.

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही भट्टी सुरू झाली आणि महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरचे पर्व आरंभले. पुढे २०१४ मध्ये पुण्यातच 'इंडिपेंडन्स' आणि मुंबई परिसरात 'गेटवे' या भट्ट्या आल्या. या नव्या रसिकवर्गाची पहिली आवड गव्हाच्या बिअरची होती. केळी-लवंगेच्या किंवा संत्र्याच्या गंधाची ही बिअर ओळखीच्या लागरहून स्पष्टपणे निराळी होती आणि निराळेपण हेच तिचे आकर्षण होते.

खानदेशातील चित्र भिन्न आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांना भिडतो. अशा हवेत बिअर शॉपीवर येणाऱ्या ग्राहकाची पहिली मागणी ब्रँडची नसते, 'चिल्ड आहे का' ही असते. अतिथंड पेयात जिभेची संवेदना मंदावते. त्यामुळे दोष जसे झाकले जातात तसेच गुणही. दुसरी मागणी 'स्ट्राँग'ची असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि ५ ते ८ टक्क्यांपर्यंतची तीव्र मानली जाते. देशातील खपात तीव्र बिअरचा वाटा मोठा आहे. ही तीव्र बिअर तांत्रिकदृष्ट्या लागरच असली तरी पिल्सेनच्या ४.४ टक्क्यांच्या लागरशी तिचे नाते नावापुरतेच आहे. मुरण्याचा काळ, हॉप्सचा समतोल आणि माल्टचा कस यांऐवजी दिलेल्या पैशात किती मद्यार्क मिळतो, हा तिचा निकष आहे.

यासाठी ग्राहकाच्या अडाणीपणाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्यासमोर पर्याय कोणते ठेवले गेले, हेही पाहिले पाहिजे. मोजक्या कंपन्यांच्या हाती बाजार एकवटला. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिअर कंपन्यांना किमतींबाबतच्या संगनमतासाठी दंड ठोठावला, यावरून त्या बाजाराचे स्वरूप ध्यानी यावे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना आवश्यक आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने येथील प्रत्येक प्याला हा एक अपवाद आहे. जेथे पिणे हे लपवून, घाईने उरकण्याचे कृत्य असते तेथे चवीची चर्चा कोण करणार?

शिवाय खानदेशाच्या मद्य-इतिहासात प्रतिष्ठेची अशी उलथापालथ नवी नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाचे मद्य विधी, लग्न आणि सण यांच्याशी निगडित होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मद्यनिर्मिती सरकारी नियंत्रणाखालील मक्त्यांकडे गेली आणि घरचे मोहाचे मद्य गुन्हा ठरले. १९२० च्या दशकारंभी पसरलेल्या देवी चळवळीत आणि १९३० च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी केलेल्या जागृतीत आदिवासींनी स्वतःहून मद्यत्याग केला. त्यामागे शुचितेइतकीच सावकार आणि मद्यविक्रेते यांच्या पाशातून सुटण्याची प्रेरणा होती. दुसरीकडे शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली. एकच पेय विधीचा भाग, गुन्हा, गुलामीचे चिन्ह आणि वारसा अशा चार अवस्थांतून गेले. चव तीच असताना प्रतिष्ठा बदलते, याचा इतका स्पष्ट पुरावा आपल्या परिसराबाहेर शोधण्याची गरज नाही.

५. साधेपणाचे मूल्यमापन

लागरच्या पुनर्मूल्यांकनाला भारतीय काव्यशास्त्रातही आधार शोधता येतो. रसास्वादाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी काव्यशास्त्रात पानकरसाचा दृष्टान्त दिला जातो. गूळ, मिरी आदी द्रव्यांपासून केलेल्या पेयात प्रत्येक घटक वेगळा न जाणवता एकच अपूर्व चव प्रत्ययाला येते, तसा रसाचा अनुभव होय. या निकषावर पाहता घटक स्वतंत्रपणे ओळखू येणे, 'यात कॉफी आहे, यात संत्र्याची साल आहे' असे सांगता येणे, हे श्रेष्ठतेचे गमक ठरत नाही. उत्तम पिल्सनरमध्ये माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडूपणा परस्परांत विरघळलेले असतात. गुणांच्या परिभाषेत बोलायचे तर क्राफ्ट रसिकांनी ओजाला एकमेव गुण मानले आणि प्रसादगुणाकडे दुर्लक्ष केले.

मराठी समीक्षेने हीच चूक अन्यत्र केली आणि सुधारलीही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या हयातीत त्यांच्या रचना कोणी काव्य म्हणून गणल्या नाहीत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठालाच त्यांचे नाव देण्यात आले. सोपे वाटणारे सोपे नसते, ही जाण समीक्षेला त्यांच्यामुळे आली. कविता आणि बिअर एका तागडीत तोलण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते निर्णयप्रक्रियेपुरते. दोन्ही ठिकाणी अलंकरणाच्या अभावाला कसबाचा अभाव समजले गेले.

आपल्या स्वयंपाकघरातही हा न्याय लागू पडतो. कळण्याची भाकरी नुसती खाल्ली तर पीठ जुने आहे की तवा कमी तापला, हे पहिल्या घासात कळते. झणझणीत शेवभाजीसोबत ते झाकले जाते. म्हणून कळण्याच्या भाकरीला बेचव म्हणणारा माणूस तिची परीक्षा करीत नसून स्वतःच्या जिभेची सवय सांगत असतो.

तथापि या विवेचनाचा विपर्यास होऊ नये. साधेपणा हा आपोआप गुण नसतो. कारखानी तीव्र लागर साधी नाही, ती काटकसरीने रिकामी केलेली आहे. साधेपणा आणि रितेपणा यांतील भेद करणे हेच समीक्षेचे काम होय. लागरच्या नव्या चाहत्यांपैकी काहींनी हा भेद विसरून स्वस्त डब्यातील बिअरचेही कौतुक आरंभले आहे. त्यात विनोद व मिरवण्याची हौस अधिक, परीक्षण कमी. लोकांची आवड म्हणून वाईटाला चांगले म्हणणे, हा त्या लोकांच्या तुच्छतेचाच दुसरा प्रकार आहे.

६. मर्यादा आणि जबाबदारी

अभिरुचीची ही चर्चा मद्यपानाच्या सामाजिक किमतीपासून अलिप्त राहू शकत नाही. 'आडवी बाटली' साठी मतदान करून दारूचे दुकान बंद करणाऱ्या महिलांसमोर पिल्सनरच्या समतोलाची मांडणी करणे औचित्याला धरून होणार नाही, कारण त्यांचा अनुभव चवीचा नसून उद्ध्वस्त संसाराचा आहे. पाण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता. शेजारच्या जिल्ह्यांत तहान असताना लागर कोणत्या पाण्यापासून तयार होते, हा प्रश्न रसिकतेच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही. उलट चवीचा विचार अधिक होईल तेथे मद्यार्काच्या प्रमाणाचा मोह कमी होण्याची शक्यता असते, असे म्हणता येईल. ही शक्यता आहे, हमी नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. लागरची अप्रतिष्ठा ही तिच्या चवीबरोबरच बाजाराची एकाधिकारशाही, त्याविरुद्धची प्रतिक्रिया आणि लहान उत्पादकांच्या आर्थिक मर्यादा यांतून घडली. तिचे पुनरागमनही केवळ जिभेच्या शहाणपणामुळे झाले नाही. साधेपणाला कसब लागते ही जाण त्यामागे आहे, तसेच भांडवलाची उपलब्धता आणि तीव्र चवींचा आलेला कंटाळाही आहे. खानदेशातील ग्राहकाला या दोन्ही निर्णयांत स्थान नव्हते. त्याला जे उपलब्ध करून दिले गेले ते त्याने स्वीकारले आणि त्याबद्दल त्याचीच अभिरुची हीन ठरवली गेली.

पुण्याला नोकरी करणारा आपला एखादा माजी विद्यार्थी सुटीत घरी आल्यावर वडिलांच्या बिअरला नाक मुरडतो, तेव्हा बहुधा त्याच सुरात तो त्यांच्या अहिराणी बोलण्यालाही हसतो. त्याला चांगल्या-वाईटाचा भेद कळू नये, असे कोणी म्हणणार नाही. हा भेद पदार्थात आहे की तो पिणाऱ्या माणसाच्या दर्जात, हे त्याला वेगळे करता यावे, एवढी अपेक्षा मात्र शिक्षक म्हणून आपण ठेवू शकतो. अभिरुचीचे शिक्षण देणाऱ्या सर्वच विद्याशाखांसमोर ही कसोटी आहे.